शेजारच्या सीटवरचं पोतं

(हिरोशिमाजवळचा गाड्यांच्या चाचणीचा रस्ता. दुपार. उघड्या टपाची, दोनच माणसांची छोटी गाडी. चालवणाऱ्याच्या शेजारी वाळूचं पोतं.)

काजिहारा : ओरडत नाहीये मी. पोतं कुणी भरलं, एवढंच विचारतोय.

ससाओका : मीच भरलं, साहेब.

काजिहारा : शेजारी बसणाऱ्या माणसाचं वजन म्हणून हे? अरे, निम्मंसुद्धा नाही! सकाळी आपला तोगावा तिथं बसला, तर गाडी डावीकडे कलली की!

ससाओका : तोगावा बसला तर बससुद्धा कलते.

काजिहारा : चला, विनोद तरी सुचला. फुमिए वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

ससाओका : विनोद नाही. खरंच कलते.

काजिहारा : परवा संचालक येतायत. त्यांना पटली नाही, तर गाडी बासनात. आणि तू स्प्रिंगा चुकीच्या वजनावर बसवल्यास! ग्रॅमग्रॅमसाठी जीव खाणारा माणूस तू. आतला आरसासुद्धा दोनदा घासून हलका करायला लावलास.

ससाओका : वजन चुकलेलं नाही.

काजिहारा : मग हे कुणाचं वजन आहे?

ससाओका : तिचं. दवाखान्यातलं शेवटचं.

काजिहारा : ससाओका...

ससाओका : पहिली फेरी तुझी, असं कबूल केलं होतं तिला. म्हणून पहिल्या दिवशी तेवढीच वाळू भरली. मग वाढवायला हात धजेना.

काजिहारा : एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मठातसुद्धा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आम्ही म्हटलं, गडी घट्ट आहे.

ससाओका : घट्ट कसला? काही येतच नाही आतून. इथं दिवसभर काही हलकं झालं की आपण टाळ्या वाजवायचो. संध्याकाळी तिकडे जावं, तर ती हलकी झालेली. एकदा नर्सनं वजन सांगितलं आणि मी म्हणालो, "छान!"

काजिहारा : अरे देवा.

ससाओका : सवयीनं, साहेब. ती हसली. म्हणाली, "आता तुमच्या गाडीला चालेन मी." तेव्हापासून बधिर झालोय.

काजिहारा : पट्टाही लावलायस पोत्याला.

ससाओका : वळणावर पडलं असतं.

काजिहारा : हं. स्प्रिंगा बदलाव्या लागतील. त्याआधी पोत्यात वाळू.

ससाओका : माझ्यानं नाही होणार. मला या गाडीवरून काढा.

काजिहारा : काढणार नाही. वाळू मी भरतो. आधी एक फेरी मारून ये.

ससाओका : रोजच मारतोय.

काजिहारा : रोज कागदावर आकडे टिपत मारतोस. आज नुसती मार. कबूल केलं होतंस ना?

ससाओका : तिला वारा लागला की लगेच सर्दी होते.

काजिहारा : मग सावकाश ने.