दामूचा नमस्कार

आमच्या गडब गावच्या दामूने दुबईत काय केलं, ऐका. साठी ओलांडलेल्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, समोर जर्मनी, हरलो की थेट घरी. मी गोलकीपर, दामू माझ्यापुढे बॅकला. एका पिकल्या केसांच्या जर्मनाला त्याचा पाय लागला. झालं! दामू लगेच वाकला, त्याला हात लावून तोच हात स्वतःच्या छातीला लावला. तेवढ्यात दुसऱ्या जर्मनाने गोल मारला.

मी ओरडलो, "अरे, हा काय नमस्कार करायचा टाइम हाय?"

"पाय लागला ना रे! वयानं मोठा हाय तो."

शेवटच्या मिनिटाला त्याच जर्मनाचा पाय दामूला लागला. तो जर्मन बॉल सोडून वाकला, दामूला हात लावून तोच हात छातीला लावला! आमच्या टीममधल्या रोह्याच्या सलीमने बॉल पळवला तो थेट गोलमध्ये. बरोबरी!

दामू मागे वळून मला म्हणतो, "आता ओरड ना!"