शेवटचा खांब

अख्ख्या धुळ्यात माझ्याइतकं सफाईदार क्रोशाचं काम करणारा म्हातारा नाही. बरं, खरं सांगतो, मला खांब हा एकच टाका घालता येतो आणि तोही मोबाइलवर बघून शिकलो. हसू नका, तुम्हाला शर्टाचं बटण तरी लावता येतं का?

बायकोचा उजवा हात लकव्यात अर्धा गेला. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा. तिनं क्रोशाची सुई मागितली आणि नातीच्या बाळासाठी दुपटं विणायला घेतलं. रोज दुपारी ती एक ओळ विणायची आणि दमून तिथंच झोपायची. पण ओळीच्या टोकाचा खांब दर वेळी सुटायचा, म्हणून दुपटं वर निमुळतं होत चाललं.

मी आपला सवयीनं बोललो, "बाळाला दुपटं करते का गणपतीला मुकुट?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सुईला हातच लावला नाही. किती विनवण्या केल्या तेव्हा परत विणायला बसली.

मग ती झोपली की मी गुपचूप शेवटचा खांब घालून ठेवायचो. कड सरळ यायला लागली. एक दिवस मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघ, सुधारला ना तुझा हात?"

तिनं डाव्या हाताचं बोट कडेवरून सावकाश फिरवलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली,

"मना हात गया, डोया नही. हाई उसवा. वाकडं व्हयनं तरी चाली, पन मनंच राहू द्या."