अप्पाच्या डावीकडचा बेल

मल्लेशी : झाडाला अशी पाठ लावून बसलीस तर दुर्गप्पा कुऱ्हाड चालवणार कशी, अव्वा? ऊठ बरं.

गंगव्वा : दुर्गप्पा चालवतोय कुठला. त्यानं चपला काढून झाडाला हात जोडले तेव्हाच मला कळलं.

दुर्गप्पा : मी काय, अक्का, बोलावलं म्हणून आलो. माझ्या घरचं लिंगसुद्धा याच बेलाच्या पानांनी पुजतात. तुम्ही मायलेकरं काय ते ठरवा. मी तिकडं भिंतीपाशी तंबाखू मळतो.

(दुर्गप्पा कुऱ्हाड तिथंच ठेवून लांब जातो.)

मल्लेशी : झाडावर माझा राग नाही गं. चूक माझी आहे. अप्पा गेला अन् त्याला इथं रुद्रभूमीत मातीत बसवलं त्या दिवशी तू सगळ्या गावासमोर सांगितलंस, यांच्या डाव्या अंगाची जागा माझी. पंच मला म्हणाले, मग रीतीचं बेलाचं रोप उजवीकडं लाव. मी अप्पाकडं तोंड करून उभा. माझ्या उजव्या हाताला लावलं, ते निघालं अप्पाचं डावं.

गंगव्वा : समोर उभं राहिलं की तसंच होतं. डोळ्यांत पाणी असलं की आणखीच.

मल्लेशी : परवा दवाखान्यात तापात तू एकच घोकत होतीस, माझी जागा ठेवा, माझी जागा ठेवा. मी पायाशी बसून ऐकलंय. मुळं तोडल्याशिवाय तिथं खड्डा होत नाही, अन् मुळं तोडली की झाड जगत नाही. रुद्रभूमीचे पंचही म्हणाले, आईला दिलेला शब्द मोठा.

गंगव्वा : ताप उतरला ना माझा? मग आता शुद्धीतलं ऐक. तुझा अप्पा कसा होता रे?

मल्लेशी : इथं? त्याच्यासमोर?

गंगव्वा : त्याच्यासमोरच. शेजारची बाळव्वा मिरच्या मागायला यायची, तर हा माणूस एकेक मिरची मोजून तिच्या पदरात टाकायचा. देवाच्या दिव्याला तेल घालतानाही हात आखडता. मी लाजेनं मागच्या दारानं वाटी पोचवायची. रोज देवाला म्हणायची, बाकी काही नको, यांचा हात तेवढा सैल कर.

मल्लेशी : देवानं काही ऐकलं नाही.

गंगव्वा : नाही कसं? वर बघ. सोमवारी उजाडलं की निम्मं गाव यांच्याकडून पानं नेतं. कुणाच्या पोराच्या गळ्यात लिंग बांधायचं असो, कुणाला मातीत बसवायचं असो, पानं इथलीच. मागं बाळव्वा टोपली भरून घेऊन गेली. जाताना म्हणते कशी, 'गंगव्वा, तुझ्या धन्यानं आज मोजलं नाही गं काही.' तिच्या गळ्यात पडून रडले मी. श्रावणात मठात पुराण लागलं होतं. स्वामी अज्जा पेटीवर गाऊन सांगत होते, देव ऐकतो सगळं, देतो मात्र त्याच्या सवडीनं. बायका माना डोलवत होत्या, अन् मला आपलं हे झाडच दिसत होतं. माझ्या एकटीच्या बैठकीसाठी देवानं दिलेलं तोडू होय?

मल्लेशी : मग तुझी जागा? ती मी घालवली, ते काही माझ्या मनातून जात नाही.

गंगव्वा : खुळ्या, जागा कसली घालवतोस. मी जन्मभर जे मागितलं ते तू लावून ठेवलंस, तुझं तुलाही कळलं नाही. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

मल्लेशी : आईनं असं बोलू नये.

गंगव्वा : मग हात दे, उठव मला. जागा मी बघून ठेवलीय. ती, फाटकापाशी.

मल्लेशी : अप्पापासून इतकी लांब? अव्वा, तिथं काहीच नाही. पायापुरती सावलीसुद्धा नाही.

गंगव्वा : म्हणून तर. आत पूजा चालते तोवर मयताबरोबर आलेली म्हातारीकोतारी तिथंच थांबतात. उन्हात उभी असतात रे, बिचारी.