जुळीच्या वाटचं

— हात नको लावूस, आई. त्या माश्यांच्या नळ्या बघायच्यात अजून. मग निघू डॉक्टरांकडे.

— अगं, पण यात खायला काहीच नाही. नुसती पांढरी जेली.

— ते पाणीच आहे, घट्ट केलेलं. तहान भागते, पोट भरत नाही.

— म्हणजे मुद्दाम उपाशी मारतेस? आणि मी मेली सगळ्यांना सांगत फिरते, लेक संशोधन करते म्हणून!

— केळ्यांवरच्या माश्या त्या, आई. उपासमारीत कोण तग धरतं ते बघतो आम्ही. वाचतील त्यांना खायला घालायचं, त्यांची पिल्लं वाढवायची, मग त्यांचीही तीच परीक्षा. पिढ्यान्‌पिढ्या. या डावीकडच्या त्याच वंशातल्या बघ, अजून जिवंत आहेत.

— यांनाच कसं जमलं?

— उपजतच येतं. एकच जनुक नाही त्यामागे, पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा थोडाथोडा हात. या अंगात चरबी धरून ठेवतात, हलतात कमी. सुस्त असतात जरा.

— आणि मेल्या त्या?

— साध्याच, अशी निवड न केलेल्या. या सुस्तांपेक्षा चपळ.

— माझी जुळी अशीच होती. काटकुळी. एका जागी बसणं म्हणून माहीत नाही.

— तुझी कोण?

— जुळी बहीण. दुष्काळात गेली.

— आई! तू कधी बोलली नाहीस.

— काय बोलू? मी गुबगुबीत, दिवसभर झोपलेली. ती गेली, मी राहिले. तुझी आजी म्हणायची, हिने तिच्या वाटचं खाल्लं.

— रागात म्हणाली असेल.

— राग निवल्यावरही म्हणायची. अगदी शेवटच्या दुखण्यातसुद्धा. मी पाणी पाजत होते तिला.

— आणि तू? खाल्लं होतंस?

— आठवत नाही गं. तेच तर. खाल्लं असं आठवलं असतं तर रडून मोकळी झाले असते.

(लेक हातातली नळी खाली ठेवते.)

— तू बस आधी.

— बसते. पण तू शिकलेली आहेस, तू सांग. न खाताही मी वाचले असते? तिच्या वाटचं न खाता?

— असू शकेल.

— असू शकेल नको. हो की नाही?

— कसं सांगू, आई? खोटं बोलू तुझ्याशी? माश्यांवरून माणसांचं नाही ठरवता येत. दोघींत काय वेगळं होतं, कुणाच्या ताटात किती पडलं, कुणालाच नाही सांगता येणार आता. मला फक्त माश्यांचं माहीत आहे.

— मग माश्यांचंच सांग.

— सगळ्यांना सारखंच वाढवलेलं असतं. नळीत कुणाच्याच वाटचं काही नसतं, त्यामुळे कुणी कुणाचं घेत नाही. तरी काही आधी जातात आणि काही राहतात.

— राहतात त्यांचा दोष नसतो?

— नसतो, आई.

— हं. जरा हळू, पहिल्यापासून सांग पुन्हा.