पिवळ्या चॅलेंजरचं बॉनेट

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं मेघा होय! थांब, थांब, स्पीकरवर टाकतो. दोन्ही हात ब्रेक ऑइलने बरबटलेत माझे... हां, बोल आता.

नाही गं, गाडी कुठे बिघडली? गाडी खाली उभी आहे. ही माझी दुसरी गाडी. टेबलावरची... ए, खेळणं म्हणायचं नाही हं. तुझी मयुरीवहिनी म्हणते तेवढं पुरे आहे.

वांगी? पाठवली की! सकाळच्या धुळे गाडीला दिली पार्सल. दहा किलो, बामणोदची, एकेक असं चकचकीत... 'बठ्ठी' पाठवली का म्हणून काय विचारते? सगळी पाठवली, दहाच्या दहा किलो. आणि हे 'बठ्ठी' काय गं? धुळ्याला जाऊन पार अहिराणी झालीस तू. आपल्या सावद्यात कोणी बठ्ठी म्हणतं का?... बरं, मग प्रेमराजरावांना पाठव ना स्टँडवर... झोपलेत? वा! जावई असावा तर असा. उठले की सांग, वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची. गॅसवर भाजली तर मी भरीत खायला येणार नाही... हो, हो, न बोलावता येतो मी, माहीत आहे.

अगं ऐक ना. मीच तुला फोन करणार होतो. पुढच्या रविवारी नाशिकला आमच्या मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे... म्हणजे प्लॅस्टिकच्या गाड्या जोडणारे गं, माझ्यासारखे. हसू नको! डॉक्टर असतात त्यात. एक रिटायर फौजदार आहेत, एवढ्या मोठ्या मिशा, आणि करंगळीच्या नखाएवढा आरसा चिमट्यात धरून बसतात. सगळे घरच्यांची बोलणी खाणारे. आणि मी काय नेतोय ओळख... नाही... अगं नाही, ती निळी नाही. चॅलेंजर! पिवळी! आपली, सावद्याची!

आठवते ना? मला वाटलंच होतं. पितांबरकाकांचा जावई अमेरिकेहून आला होता. सगळ्या गल्लीला चॉकलेटं दिली आणि मला ते खोकं. का दिलं कोण जाणे... हो का? मी त्याच्या बुटांकडेच बघत बसलो होतो म्हणून? असेल, असेल. खोक्यावर कसली गाडी होती गं ती! अशी दांडगी, पुढून रेड्यासारखी... मसल कार म्हणतात हे पण आपल्याला कुठे माहीत. आबा म्हणाले, नव्या, ही गाडी गल्लीत वळायची नाही.

एकशे बारा तुकडे. तूच मोजलेस, पाटावर मांडून. एक हरवला म्हणून केरसुणी घेऊन अख्खं घर पालथं घातलं, आणि तो निघाला तुझ्या वेणीत... हो, तुझ्याच वेणीत! वायपर होता.

आणि स्टीअरिंग! ओ माय, ते कसं विसरेन? डाव्या बाजूला निघालं, तर आपण म्हटलं कंपनीने चूक केली. इतकी मोठी कंपनी आणि ड्रायव्हर चुकीच्या बाजूला बसवला! मग मी ब्लेड गरम करून डॅशबोर्ड कापला आणि उजवीकडे बसवला... अगं अजून तसाच आहे. जगात एवढी एकच चॅलेंजर असेल सावद्याच्या रस्त्यावर चालणारी. ग्रुपवर फोटो टाकला तर फौजदार म्हणाले, याला वेगळं बक्षीस द्या.

डिंक? तो ट्यूबमध्येच वाळला होता. मग सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणलं... हो, काचा धुरकट झाल्या त्याने. तू म्हणालीस, असू दे, आत एसी लावलाय. अगं तेव्हा एसी बघितला तरी होता का आपण!... आणि खिडक्यांच्या कडेला ती चांदी, आबांच्या सिगारेटच्या पाकिटातली. इंजिनच्या वायरी जुन्या ट्रान्झिस्टरमधल्या तांब्याच्या तारेच्या. आणि इंजिन तेलकट दिसावं म्हणून तुझं काजळ... तुझंच होतं की. नवीन डबी होती? ते माहीत नव्हतं हं मला. देतो भरून.

स्टिकरं मात्र तूच लावायचीस. कोमट पाण्याची वाटी घेऊन बसायचीस, स्टिकर त्यात सोडायचं, वीस आकडे म्हणायचे, कागदावरून सुटलं की असं अलगद सरकवायचं. माझ्या हातून पहिलंच फाटलं. मला तो हात नव्हताच. आज चाळीस गाड्या केल्या मी, पण स्टिकर लावताना अजून तुझी आठवण येते. खरं सांगतो. चार महिने गं, शाळेतून आलो की आपण दोघं माडीवर. तसे चार महिने परत नाही आले.

हां, तेच तर करू राह्यलो. नवी करतोय तिला. आधी जुना रंग उतरवायचा. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, प्लॅस्टिकला काही होत नाही, रंग तेवढा सुटतो... सकाळी आठला बुडवली. चिवड्याच्या डब्यात. बॉडी, बॉनेट, सगळंच.

...हॅलो? मेघा? नीट ऐकू नाही आलं... का बुडवली विचारतेस?

का म्हणजे? तो डाग गं. बॉनेटवरचा. पुण्याचा एक पोरगा फोटो बघून विचारतो, 'सर, बॉनेटला गोवर आलाय का?' आता चारचौघांत मांडायची म्हटल्यावर... अगं मी तुला काही म्हणत नाहीये! सदतीस वर्षं झाली. बारा वर्षांची होतीस, दसरा होता, लावलंस कुंकू. संपलं. गधडा मीच. एका डागासाठी बहिणीच्या थोबाडीत मारली. भाऊबीजेला तू ताट घेऊन उभी, आणि मी मळ्यात जाऊन बसलो... नको, ते नको काढू. म्हणून तर म्हटलं, एकदाचा रंगच उतरवून टाकावा.

काढू? काय काढू?... आत्ता? अगं चार तास झालेत, अर्धवट काढली तर रंग चामड्यासारखा लोंबतो. संध्याकाळपर्यंत राहू द्यावी... ओरडू नको ना! कान फाटला माझा... आधी सांग तरी, का काढू.

कोणी?

ते कुंकू आईने लावलं?... मेघा, काहीतरी काय बोलते? आई कधी माझ्या टेबलाला हात लावत नव्हती. घाबरायची, काही तुटेल म्हणून.

...हो. मी आपट्याची पानं तोडायला गेलो होतो, दुपारी. बरोबर... ट्रॅक्टरला लावलं. आबांच्या लुनाला लावलं. शिलाई मशीनला... आणि मग ताट घेऊन माडीवर आली? एकटी?

काय म्हणाली? पुन्हा बोल... 'माह्या पोराची पयली गाडी हाये.'

असं म्हणाली?

रंग ओला आहे हे तिला कसं कळणार गं! दाराचा उरलेला ऑइल पेंट तो, वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत चार दिवस ओला. कळणार कसं तिला!... मग तू का म्हणालीस 'मी लावलं' म्हणून? तू कशाला मध्ये... 

हो. म्हटलं होतं मी. ज्याने हात लावला त्याचा हात तोडीन, असं म्हटलं होतं. घरभर ओरडत फिरलो होतो... आई कुठे होती तेव्हा?

दाराआड?... ताट होतं अजून हातात?

ओ माय... 

आणि तू पुढे झालीस. एवढीशी पोरगी. आणि मी...

नाही, थांब, बोलू दे मला. तिने मला सांगायला हवं होतं ना! तीस-पस्तीस वर्षं होती की माझ्याजवळ... तू शपथ घातलीस तिला? तू? तू कोण गं शपथ घालणारी!... आणि दवाखान्यात? शेवटी पण?... 'नव्याले सांगू नको, त्याच्या जिवाले लागीन.'

काहून नाही सांगितलं तू मले, मेघा? काहून?

अगं डबा! मेघा, डबा! फोन ठेवू नको, थांब... मयुरी! ए मयुरी! साबणाचं पाणी आण! भांड्याचा साबण, हो! आणि मऊ ब्रश!... अगं कोणी नाही मेलं, मेघा आहे फोनवर! नंतर सांगतो, आण तू आधी!

आहेस ना? काढतोय... बॉडी आली. टपावरचा रंग पार पुरीसारखा फुगलाय. ते मरू दे. बॉनेट कुठे आहे... खाली गेलंय, तळाशी. चिमट्यात येत नाहीये. हातानेच... हां. सापडलं. सापडलं गं.

थांब जरा.

...मेघा, रंग सुटला. हात लागला तर सायीसारखा सरकला... सगळा. सगळा माझ्या बोटांवर आला... नाही राहिला. नाही गं राहिला काही. मी माझ्या हाताने घातलं ते त्यात. सकाळी शीळ घालत घालत टाकलं मी ते डब्यात... काय बघू? काय राहिलंय बघायला?

मयुरी, घासू नको! घासू नको म्हटलं ना! नुसतं पाणी ओत वरून. हळू... अजून... थांब.

थांब, थांब. चष्मा दे माझा.

मेघा.

मेघा, आहे. कुंकू आहे... रंगात नाही, रंग गेला. खाली, प्लॅस्टिकवर. पांढऱ्या प्लॅस्टिकवर गुलाबी. अगं रंग ओला होता ना, थिनरने खालचं प्लॅस्टिक पण मऊ पडलं असणार, त्यात कुंकू मुरलं. पार आत मुरलं... नाही, मयुरीने साबण लावला, नाही जात. चार तास ब्रेक ऑइलमध्ये होतं, तिथे नाही गेलं, साबणाने काय जातंय!

उलट आता नीट दिसू राह्यलं. पिवळ्यावर नुसता डाग वाटायचा. आता बोट दिसतंय. खालून वर ओढलेलं, अशी आपली आई लावायची ना, आपल्याला, परीक्षेला जाताना... तसंच. अगदी तसंच. आणि शेजारी थोडी हळद असेल, पिवळट आहे काहीतरी. तिने सगळं केलं होतं गं. साग्रसंगीत केलं होतं.

...हो, रडू राह्यलो. मग? माझ्या घरात मी रडू नये का? मयुरी पण रडते आहे, तिला तर अजून काही कळलेलं पण नाही.

नाशिकला? नेईन. बॉनेट नाही लावणार. इंजिन उघडं ठेवीन, इंजिन चांगलंच केलं होतं आपण... नाही, बॉनेट तुझ्याकडे राहील. अगं ऐक ना. ऐक. तूच सांभाळलंस ना इतकी वर्षं? मग तूच ठेव. माझ्या भरवशावर ठेवलं तर बघितलंस ना काय केलं मी... वाद घालू नको. एकदा तरी मोठ्या भावाचं ऐकत जा.

एक सांगू? मला काय खातंय माहीत आहे का? मी तुझ्यावर हात उचलला तेव्हा ती बघत होती. दाराआडून बघत होती, मेघा. काय वाटलं असेल तिला? किती वर्षं ते डोळ्यासमोर असेल तिच्या... नाही, तू समजूत काढू नको. कळतंय मला. तिने मनात धरलं नाही, ते पण कळतंय. ती आईच होती. पण तिने माझी गाडी पुजली गं. गाडी पुजली की गाडीवाल्याने पाया पडायचं असतं. ट्रॅक्टर पुजला तेव्हा आबा स्वतः आजीच्या पाया पडले होते. मी पडलो नाही. आता कोणाच्या पडू?

चारची गाडी आहे ना धुळ्याला? येतो... आजच. हो, आज, बॉनेट घेऊन... कशाला म्हणजे? भरीत खायला! नाही, खरं सांगतो. तुझ्या पाया पडायला येतो... अगं लहान असलीस म्हणून काय झालं? प्रेमराजराव हसतील? हसू दे... नको म्हणू नको, मेघा. पडू दे गं मला. एकदा पडू दे.

...हो. ठेवतो.