एका निखाऱ्याचं मोल

मंडळी, एक सांगा. चूल गार पडलीय, लेकरू तापानं फणफणलंय, आणि समोरच्या चुलीत निखारे फुललेत. मालकीण म्हणते, "देते, पण आधी एक वाक्य बोल." एकच वाक्य! बोलाल की नाही? घाई नको. पोटच्या पोराकडं बघून उत्तर द्या.

तर ऐका. बोरदरी गावात सुंद्राबाई राहायची. नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला, तसं गावानं तोंड फिरवलं. पाणवठा बंद, दुकान बंद. नवरा पटकीनं गेला, तेव्हा खांद्यालाही कुणी आलं नाही. मागं राहिली चार वर्षांची मार्था.

आणि हो – विस्तवही बंद! हसू नका, तुमच्या खिशात काडेपेटी आहे. तेव्हा एका चुलीतला निखारा खापरात घालून दुसऱ्या घरी जायचा. अख्खी आळी एकाच विस्तवावर भाकरी भाजायची. सुंद्रा आपला विस्तव राखेखाली जपायची, तान्ह्या पोरासारखा. झाकायची, हळूच उघडून बघायची, पुन्हा झाकायची.

पौषात मार्थाची छाती भरली. सुंद्रा दोन रात्री तिला मांडीवर घेऊन जागली. तिसऱ्या दिवशी उजाडताना तिचा डोळा लागला. जागी झाली, तर राख गार.

खापर घेऊन ती थोरल्या जावेकडं, ठकूबाईकडं गेली. चुलीवर आधण खळखळत होतं.

"जाऊबाई, एक निखारा द्या. पोरीला काढा करायचाय."

ठकूनं ओट्याकडं बघितलं. तिथं चार गावकऱ्यांत पाटील बसलेला. तोच बोलला, "ने की. एक काय, चार ने. फक्त सगळ्यांदेखत म्हण, मी येशूला ओळखत नाही."

"अगं, नुसतं तोंडानं म्हण," ठकू कुजबुजली. "मनात कोण डोकावतंय?"

मंडळी, सुंद्रानं तोंड उघडलं होतं. खोटं कशाला सांगू? पण चुलीची धग तिच्या गारठल्या हातांना लागली, आणि उपदेशकानं सांगितलेली गोष्ट तिला आठवली. प्रभूला धरून नेलं, त्या अंगणातही शेकोटी होती. हात शेकता शेकता प्रभूचा शिष्य म्हणाला होता, मी त्याला ओळखत नाही. आणि आत प्रभू मार खात होता – एकटा.

"ओळखते," सुंद्रा म्हणाली. "धनी गेले त्या दिवशी माझ्या घरात त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं, पाटील?"

रिकामं खापर घेऊन ती परतली. पोरीला उराशी धरलं, अंगाची ऊब दिली. तेवढीच तिच्यापाशी होती.

दुपारी ती ऊब घ्यायला मार्था उरली नाही.

काढा मिळता तर पोर वाचती का? मला ठाऊक नाही. सुंद्रालाही कधी कळलं नाही. ते न कळणं उराशी घेऊनच ती जन्मभर प्रार्थनेला बसली.

दिवस कलताना दारात ठकूबाई उभी. हातात खापर, खापरात लालभडक निखारा. भर आळीतून आली होती, पदरानं न झाकता.

"पाणी ऊन कर," ती म्हणाली. "गार पाण्यानं नको न्हाऊ घालूस तिला. काकडेल."

 सुंद्रानं सरकून चुलीपाशी जागा दिली. दोघींनी मिळून फुंकर घातली.

मंडळी, सुंद्रासारखे आपण टिकू का, हे तशी वेळ येईल त्या दिवशीच कळेल. तो दिवस तुमच्या लेकरांवर न येवो. पण ठकूचं काय? तिचा निखारा सकाळीही तितकाच लाल होता! आपल्या आळीत आज कुणाची चूल गार आहे, आणि आपण कुणाच्या धाकानं हात आखडून बसलोय?

उठा आता. अजून सकाळ आहे.