घोडीचं तोंड घराकडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सभापती आदरणीय रामराव आण्णा. व्यासपीठावर विराजमान आमच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब. ज्यांनी ही शाळेची खोली आणि ही सतरंजी दिली त्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई. आजचे सत्कारमूर्ती, तीस वर्षं दवाखान्यात जनावरांची सेवा करून उद्यापासून घरी बसणारे भुजंगराव. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या काठावर टेकलेल्या आमच्या कौसल्यावहिनी. पहिल्या रांगेत बसलेल्या गोजरकाकू. आणि कुंभार पिंपळगावच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सुरुवातीलाच एक राहिलेला हिशेब पुरा करतो. पाच वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, काकूंची घोडी मी इथून औरंगाबादला नेली. त्या फेरीला काय खर्च आला असं काकूंनी विचारलं, तेव्हा मी पेट्रोलचा आकडा सांगितला. तो खरा होता, पण पुरा नव्हता. पुरा खर्च असा: भुजंगरावांच्या डाव्या हाताचं एक नख, मुळासकट. कौसल्यावहिनींनी खळ घालून वाळवलेलं एक धोतर, त्यातलं अर्धं. आणि माझी एक सवय. नख परत आलं, धोतर त्यांनीच नवं घेतलं. सवयीचं शेवटी सांगतो.

आता सत्काराच्या भाषणात वक्ता थोडं स्वतःविषयी बोलतोच, तेवढी सूट मलाही द्यावी. या गावच्या बाजारात लिंबाखाली बसून मी सायकलींचे पंक्चर काढत होतो, हे इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. आज जालन्यात माझा कारखाना आहे, जीप आहे, आणि जीपला जोडायचा घोड्यांचा ट्रेलर आहे. पाच वर्षांत त्या ट्रेलरमधून एक्केचाळीस जनावरं हायवेनं गेली. वरातीच्या घोड्या गेल्या, जत्रेचे घोडे गेले, आजारी गेले. एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. माळेगावच्या जत्रेत व्यापारी म्हणतात, जनावर द्यायचं तर धर्मराज मिस्त्रीच्या ट्रेलरात द्यावं. ऐकायला गोड वाटतं. मी ऐकून घेतो.

पण हा ट्रेलर मुळात घोड्यासाठी नव्हताच. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्तीला नेण्यासाठी मी तो बांधला होता. दोन चाकं, पुढं दांडी, दांडीला पिन, तीन बाजूंनी लोखंडी कठडा, मागं उघडणारी फळी. त्या दिवशी बाजार होता आणि मी एक इंजिन पोचवायला आलो होतो. तेवढ्यात काकूंची घोडी कुंपणाच्या काटेरी तारेत घुसली. छाती उघडी पडली होती. डॉक्टरसाहेबांनी रक्त थांबवलं, पण म्हणाले, आत खोल फाटलंय, औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी दिवस मावळायच्या आत शिवलं तर जगेल. गावात जीप माझी. ट्रेलर माझा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला ते पाहणं फार आवडलं.

घोडी ट्रेलरमध्ये चढवायची वेळ आली तेव्हा काकू आडव्या आल्या. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जनावर दवापाण्याला गावाबाहेर नेताना त्याचं तोंड घराकडं ठेवायचं, म्हणजे ते परत येतं. पाठ केली की गेलंच. काकूंचे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि ती घोडी त्यांची होती. काकू म्हणाल्या, "हिचं तोंड घराकडंच राहू द्या. हे गेले तवा पाठ करून गेल्ते."

घोडी उलटी चढवली. शेपूट जीपकडं, डोकं मागच्या फळीकडं. तिला धरायला तिच्या डोक्यापाशी भुजंगराव उभे राहिले, म्हणजे त्यांची पाठ मागच्या फळीला. ती फळी एका कडीवर होती.

भुजंगराव मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मिस्त्री, गावची शीव ओलांडली की थांबा. फिरवून घेऊ. जनावर उलटं उभं राहून दूर जात न्हाई." मी बरं म्हणालो. आमच्यात खुणाही ठरल्या. कठड्यावर एकदा ठोकलं तर हळू, दोनदा ठोकलं तर थांब.

शीव आली. मी थांबलो नाही. जखमी जनावर रस्त्यात उतरवायचं, पुन्हा चढवायचं, वेळ जाईल, असा विचार केला. खरं सांगायचं तर त्यात थोडा रुबाबही होता. अंबड गेलं, जालना गेलं. जालन्यात चौकात लोक बघत होते, मी टोपी सरळ केली.

आता इथं तरुण ड्रायव्हर मंडळी मागं भिंतीला टेकून उभी आहेत, त्यांनी जरा कान इकडं करावेत. इंजिन ट्रेलरवर चढवताना मी ते नेहमी चाकांच्या जरा पुढं ठेवायचो. वजन दांडीवर आलं की ट्रेलर मागून मुकाट येतो. वजन मागं गेलं की ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा हलतो. लोखंडाचं मला हे कळत होतं. घोडीचं मात्र डोक्यात आलं नाही, की जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, आणि ते पुढचे पाय आम्ही रीत म्हणून सगळ्यात मागं नेऊन ठेवले होते.

माझे कान तीक्ष्ण आहेत, हे माझे वैरीसुद्धा मानतात. इंजिनाचा आवाज ऐकून मी वीस पावलांवरून दोष सांगतो. तर जालना सोडल्यावर औरंगाबादच्या हायवेला मला मागून आवाज येऊ लागला. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्. दांडी पिनमध्ये वर उचलली जात होती. मागोमाग कठड्यावर एक ठोका पडला. हळू. मी जरा हळू केलं, मग पुन्हा होतं तेवढं केलं. पुन्हा एक ठोका. तिसऱ्यांदा एक ठोका. मला राग आला. वाटलं, भुजंगराव भ्याले.

बदनापूरच्या अलीकडं एक लांब उतार आहे. खाली ओढा, ओढ्यावर अरुंद पूल, पुलाला गुडघ्याएवढे दगडी कठडे. उताराला लागलो आणि मागून एस. टी. आली. ती बाजूनं गेली तेव्हा तिच्या वाऱ्यानं ट्रेलर डावीकडं ढकलला, मग तो उजवीकडं आला. मला वाटलं, झालं. पण तो पुन्हा डावीकडं गेला आणि आधीपेक्षा जास्त गेला. मग उजवीकडं, त्याहून जास्त. जीपचं मागचं अंग त्याच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी माझ्या हातात नव्हती. आरशात एकदा घोडीचं डोकं दिसायचं, एकदा नुसता रस्ता दिसायचा. आणि पूल जवळ येत होता.

आयुष्यात मी दोन-तीनदा मरणाजवळ गेलोय, पण त्या वेळी भीती माझी होती. ती सोसता येते. या वेळी मागं एक माणूस एका कडीला पाठ लावून उभा होता, माझ्या शब्दावर उभा होता, आणि त्यानं तीनदा सांगितलेलं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ती भीती मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

पाय आपोआप ब्रेककडं गेला. तुमचाही गेला असता. आणि मागून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. बैलगाडीवरून शेजारच्या गाडीवाल्याला हाक द्यावी तसा आवाज.

"मिस्त्री, बिरेक न्हाई. नुसता पाय काढा. उतारावर कासरा वढला की गाडी आडवी येते."

लहानपणी कापसाच्या गाड्या हाकलेला माणूस तो. मोटार त्यांनी कधी चालवली नव्हती. पण मागून ढकलणारं वजन त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी पाय काढला. ब्रेकला शिवलो नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ट्रेलरच्या मागं मागं फिरवलं नाही. आणि त्या गोंगाटात माझ्या या कानांना मागचं बोलणं ऐकू येत होतं. भुजंगराव घोडीशी बोलत होते. "सर गं माय, मागं सर. एकच पाय. दुखतंय, ठाव हाय मला. सर."

त्यांनी काय केलं हे मला नंतर समजलं. फाटलेल्या छातीच्या घोडीला त्यांनी मानेला खांदा लावून मागं रेटलं. मागं, म्हणजे जीपकडं. बिथरलेलं जनावर जखमेच्या बाजूनं रेटू देत नाही. तिनं दिलं. ती एक पाऊल सरली, मग अजून अर्धं. रेटताना त्यांच्या पायांचा जोर मागच्या फळीवर होता. तीच फळी, तीच एक कडी. एक हात कठडा आणि कडी यांच्या मधे होता, नख तिथं गेलं.

वजन पुढं आलं आणि दांडी खाली बसली. तो खट् आवाज थांबला, हे मी आधी ऐकलं, आणि ट्रेलर सरळ झालेला नंतर पाहिला. पूल आम्ही बैलगाडीच्या चालीनं ओलांडला.

पलीकडं जाऊन थांबलो. भुजंगराव ट्रेलरमधून उतरले. धोतर अर्धं फाडून घोडीच्या छातीला बांधलेलं, हातातून रक्त गळतंय. ते म्हणाले, "मिस्त्री, आता तरी हिचं तोंड फिरवू."

मग त्या हायवेच्या कडेला, चाकांना दगड लावून, ट्रका भोंगे वाजवत जात असताना, आम्ही घोडी उतरवली आणि फिरवून चढवली. तोंड पुढं, औरंगाबादकडं. फळी दोरीनं आवळली. पुढचं अंतर मी अशा गतीनं कापलं की सायकलवाले पुढं गेले. वाटेत दोन वेळा एकेक ठोका पडला, दोन्ही वेळा मी लगेच हळू केलं. दिवस मावळायच्या आधी घोडी मोठ्या डॉक्टरांच्या हाती पोचली.

काकू, घोडी परत आली तेव्हा तुम्ही गावभर सांगितलंत की तोंड घराकडं होतं म्हणून आली. पाच वर्षं भुजंगराव तुमच्या वाड्यावर तिचे खूर बघायला येतात, चहा पितात आणि मान हलवतात. एकदा मी त्यांना म्हणालो, काकूंना खरं सांगा. ते म्हणाले, "त्यांचा नवरा पाठ करून गेला, मिस्त्री. निदान घोडी तोंड करून गेली आसं त्यांना वाटू द्या." आज ते निवृत्त होऊन परभणीला मुलाकडं चाललेत. मला वाटलं, हे ओझं त्यांच्याबरोबर पाठवू नये. ती निम्म्या वाटेनंतर पाठ करूनच गेली होती, काकू, आणि तरी परत आली.

काकू हसतायत. म्हणतायत, "भुजंगा, लबाडा." मग बरं झालं.

भुजंगरावांनी गावातही कधी त्या उताराची गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर माझ्या ट्रेलरात कुणी कोंबडीसुद्धा घातली नसती. आज मी सांगितली, कारण मागं उभ्या तरुणांनी ऐकावं: वजन पुढं ठेवा, पिन आणि कडी स्वतःच्या हातानं हलवून बघा, ट्रेलर हलू लागला तर ब्रेक नको, आणि मागं उभ्या माणसानं ठोका दिला तर तो ऐका. कान असणं वेगळं, ऐकणं वेगळं, हे मला चाळिशीत शिकायला मिळालं.

अध्यक्षमहाराजांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते त्यांच्या घड्याळाला विचारावं आणि मला विचारू नये. पुष्पाबाईंचे, डॉक्टरसाहेबांचे, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर जखमी जनावरावर जसा राग धरत नाही तसा माझ्यावरही धरू नये. कौसल्यावहिनी, धोतराचं देणं राहिलं ते राहिलंच. भुजंगराव, परभणीला सुखानं राहा.

आणि हो, ती सवय. ट्रेलर जोडून गाडी चालवण्याची. त्या एक्केचाळीस जनावरांतलं मी स्वतः गाडी चालवून नेलेलं जनावर एकच. बाकीची चाळीस आमच्या वसंता ड्रायव्हरनं नेली.